दारामागचं पोर्ट घराणं

बाई, दार अजून पुसलेलं नाही.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी कुमुदमावशी ओलं फडकं घेऊन स्वयंपाकघरात शिरल्या. तुमचीच धाकटी बहीण ती, हातात फडकं आलं की कुणाचं ऐकत नाही. दार लोटलं आणि मागची बाजू बघून जागीच थबकल्या. "अगं बाई! हे काय गं भारती? यंत्रबिंत्र आहे का कसलं?" म्हटलं, "इंग्रजी आहे, मावशी. हात लावू नका." "मग पुसते की. चार माणसं येतायत, बरं दिसतं का?" "राहू दे." "अगं पण..." "मावशी, राहू दे म्हटलं ना!" बिचाऱ्या खिडकी पुसायला लागल्या. म्हणजे बघा, तुम्ही गेलात तरी तुमच्या खडूपायी माझी भांडणं चालूच आहेत.

ते दार तुम्ही काळं केलंत तेव्हाही मला विचारलं नव्हतं. मी मुर्ध्याला माहेरी गेले होते. परत आले तर स्वयंपाकघराच्या पांढऱ्या दाराची मागची बाजू फळ्यासारखी काळी कुळकुळीत, आणि तुम्ही नाकाला रंग लावून उभ्या. "आता सोय झाली," म्हणालात. कसली सोय, कप्पाळ! फळा बघायचा तर दार लावून घ्यायला हवं. दार लावलं की आत वाफ, फोडणीचा ठसका, आणि आपण दोघी कोंडलेल्या. सकाळी नळाला पाणी येणार जेमतेम, मी बादल्या घेऊन बाहेर धडका मारतेय आणि आतून तुमचा आवाज, "थांब गं, एक शब्द राहिलाय." भाईंदरच्या आपल्या निम्म्या नवघरात तेव्हा टँकर यायचे आणि आमच्या सासूबाईंना शब्द राहिल्याची काळजी!

सासूबाई असं मी तुम्हाला एकदाही म्हटलं नाही. आईही नाही. शाळेत पोरं बाई म्हणायची, सोसायटीत सगळे बाई म्हणायचे, खालचा गुजराथी किराणावालासुद्धा "बाई, शींगदाणा आव्या छे" म्हणायचा. शेखर तर पोटचा मुलगा, तोही रागात आला की बाईच म्हणायचा. मग मीही तेच उचललं. माझ्या आईला ते शेवटपर्यंत पटलं नाही. "सासूला बाई काय म्हनतेस गो? ती काय परकी हाय?" परकी नाही गं आई, मास्तरीण आहे. आणि मी तिच्या वर्गातून सुटका नसलेली एकमेव विद्यार्थिनी.

गिरगावातल्या मराठी शाळेत उभा जन्म इंग्रजी शिकवलंत. कॉलेजात कोणी म्हातारे पाद्री सर होते, त्यांनी म्हणे लॅटिनची चटक लावली. त्यांना काय जातंय, लावून मोकळे झाले. भोगलं आम्ही. रोज सकाळी दारावर मधोमध एक मूळ लिहायचं. भोवती त्याचे शब्द. तुम्ही त्याला घराणं म्हणायचात. मूळ म्हणजे आई, शब्द म्हणजे तिच्या लेकी, आणि शब्दाच्या सुरुवातीला जे लागतं ते लेकीचं सासर. "पोर्ट म्हणजे वाहून नेणं. ही आई. हिची एक लेक दिली इम् च्या घरी, ती माल आत आणते, इम्पोर्ट. दुसरी दिली एक्सच्या घरी, ती बाहेर नेते, एक्सपोर्ट. तिसरी ट्रान्सकडे, ती इकडचं तिकडे करते." मी पोळ्या लाटता लाटता म्हणायचे, "आणि चौथी दिली भाईंदरला, ती दिवसभर राबते." तुम्हाला हसू यायचं, पण हसायचा नाहीत. भुवई तेवढी वर जायची.

आणि दर घराण्यात एक वर्तुळ रिकामं. ती तुमची पद्धत. सगळ्या लेकी लिहायच्या, एक सोडायची. "ती तू शोध." शोधली की उभं राहून अख्खं घराणं म्हणून दाखवायचं, अर्थासकट. आणि तुम्ही कुणाला कधी शेवटपर्यंत म्हणू दिलं नाहीत! समोरच्याला समजलंय याची खात्री पटली की मध्येच हात वर. "बस. आलं तुला." दूधवाल्याच्या मुलीला म्हणालात. दुसऱ्या मजल्यावरच्या, कॉल सेंटरच्या नोकरीसाठी इंटरव्ह्यू देणाऱ्या पोराला म्हणालात. तो तर पेढे घेऊन आला नंतर. मला मात्र इतक्या वर्षांत एकदाही नाही. मला मध्येच थांबवायचात ते फक्त एका शब्दासाठी. "पुन्हा."

मला याचा किती राग यायचा ते तुम्हाला माहीत होतं. माहीत असूनही म्हणायचात.

बाहेर नेलं तरी तेच. स्टेशनजवळच्या बाजारात त्या द्राक्षवाल्याशी घातलेला वाद आठवतोय? त्याने पाटी लावली होती, एक्सपोर्ट क्वालिटी. तुम्ही त्याच्या गाडीसमोर उभ्या राहिलात, पिशवी खाली ठेवलीत. पिशवी खाली ठेवली म्हणजे आता अर्धा तास गेला, हे मी ओळखलं. "भैया, एक्स मतलब बाहर. पोर्ट मतलब ले जाना. बाहर ले जाने का माल है तो इधर कैसे बेच रहा है?" तो म्हणाला, "मांजी, लेना है तो लो." "लेना तो है, लेकिन पहले ये पाटी का मतलब समझ लो." मागे लोक खोळंबले. एका बाईने तर विचारलं, "म्युनिसिपालिटीवाल्या आहेत का?" मला वाटलं धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. द्राक्षं शेवटी आंबटच निघाली, आणि तुम्ही विजयी मुद्रेने म्हणालात, "म्हणूनच एक्सपोर्ट झाली नाहीत."

ऋचाच्या वेळी तर कहर केलात. मी कळा देतेय, जीव नकोसा झालाय, तुम्ही माझा हात धरून उशाशी बसलेल्या. नर्स म्हणाली, "डिलिव्हरीला वेळ आहे अजून." झालं! तुमचे डोळे चमकले. मी म्हटलं, "बाई, आत्ता नको. पाया पडते." पण ऐकाल तर शपथ! "लिबेर म्हणजे मोकळं. डिलिव्हर म्हणजे मोकळं करणं. आपणही बाळंतीण मोकळी झाली म्हणतो की नाही? बघ, कुठे रोम, कुठे मुर्धा, आणि बायका सगळीकडे मोकळ्याच होतात." मी तुमच्या मनगटात नखं रुतवली. तुम्ही हू का चू केलं नाहीत. पुढे कित्येक दिवस त्या खुणा तुमच्या हातावर होत्या. कोणी विचारलं की म्हणायचात, "लॅटिन शिकवत होते."

हे आठवून हसू येतंय आणि हसले की रडू येतंय. शेखर विचारतो काय झालं, तर काय सांगू?

एक गोष्ट मात्र कबूल. लग्नाआधी तुमचे सगळे नातेवाईक जमले होते. मी मुर्ध्याची, मिठागरवाल्यांची आणि मासळीवाल्यांची पोर, माझं बोलणं ऐकून तुमच्या जाऊबाईंनी तोंडाला पदर लावला होता. कोणी तरी हळूच म्हणालं, हे जमायचं कसं? मी खाली मान घालून बसले होते. तुम्ही कोपऱ्यातल्या टीव्हीकडे बोट दाखवलंत. "हा शब्द काय आहे माहितीये का? टेलिव्हिजन. टेली ग्रीक, व्हिजन लॅटिन. दोन घरं, दोन भाषा. पंडितांनी तेव्हा नाकं मुरडली होती. चालतोय ना घरोघर? मग चहा घ्या." कुणाला काही कळलं नाही. मलाही नाही. एवढंच कळलं की विषय संपलाय आणि ही बाई माझ्या बाजूला उभी आहे.

आणि अशी बाई, बाई, ऋचाच्या शाळेच्या वेळी आडवी आली!

मला तिला इंग्रजी शाळेत घालायचं होतं. त्यात काय चुकलं? मी बारावी मराठीतून. बँकेत, दवाखान्यात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोणी इंग्रजी फाडलं की मी भिंतीला टेकून उभी. माझ्या लेकीने भिंतीला टेकू नये, एवढंच. आणि तुम्ही, ज्यांनी आयुष्यभर इंग्रजीवर पोट भरलं, तुम्ही म्हणता मराठी शाळेत घाला! "एक मूळ आधी घट्ट रुजू दे गं. मग त्याच्यावर काय हवं ते कलम कर. इंग्रजी मी शिकवते ना." "तुम्ही इंग्रजी शिकवत नाही, लॅटिन शिकवता." "तेच ते." "तेच ते नाही, बाई!" शेखर पेपरमागे लपायचा. त्याला विचारलं की म्हणायचा, "तुम्ही दोघी ठरवा." वा रे वा! दोघी ठरवू शकलो असतो तर तुला कशाला विचारलं असतं?

शेवटी फॉर्म मी भरला. शाळेची अट होती, आईवडिलांची मुलाखत, इंग्रजीतून. झक मारत तुमच्याकडेच आले. म्हटलं, मला वाक्यं द्या. माय डॉटर इज थ्री अँड हाफ, अशी. पाठ करते. तुम्ही म्हणालात, "वाक्यं पोपटाला देतात." आणि दारावर लिहिलंत, पोर्ट.

मला वाक्यं हवी होती, तुम्ही मुळं देत बसलात. आठवडाभर तेच घराणं. कारण मी दर वेळी पासपोर्ट आणि एअरपोर्ट त्यात घालायचे. "पुन्हा. ते या घरातले नाहीत." "पोर्ट आहे की त्यात!" "तो बंदराचा पोर्ट. चुलत आहेत ते. नातं आहे, पण चूल वेगळी." आता खाडीकाठच्या मुलीला तुम्ही सांगणार पोर्ट म्हणजे काय? आमच्या घरात पोर्ट म्हणजे बंदरच. मी हट्टाने पासपोर्ट म्हणायचे, तुम्ही हट्टाने पुन्हा म्हणायचात. आणि ते एक रिकामं वर्तुळ काही भरत नव्हतं.

त्या संध्याकाळी माझं डोकंच फिरलं. कुकरच्या शिट्ट्या, ऋचाची किरकिर, दार बंद, तुम्ही खडू घेऊन उभ्या. "सोपा आहे गं. रोज वापरतेस." मी चिमटा ओट्यावर आपटला. "नाही येत मला! मुलाखत तोंडावर आलीय आणि तुम्ही कोडी घालताय. तुम्हाला नकोच आहे ऋचा त्या शाळेत. शेखर नुसता बघतो, तुम्ही खेळ करता, या घरात मला कोणाचा म्हणून सपोर्ट नाही!"

तुमचा चेहरा एकदम उजळला. मी तुमच्यावर ओरडतेय आणि तुम्ही हसताय! खडूने वर्तुळावर टकटक केलंत. "आत्ताच म्हणालीस बघ." मला वाटलं माझी टिंगल चाललीय. तुमचं घराणं घाला चुलीत म्हटलं, दार उघडून ऋचाला घेऊन गच्चीवर निघून गेले. तुम्ही मागून म्हणालात, "बरं, उद्या म्हण."

उद्या! सकाळी मी चहा घेऊन आले तर तुम्ही उठायचं नावच घेत नव्हतात. डॉक्टर आला, म्हणाला झोपेतच. शांतपणे गेल्या, भाग्यवान आहात. भाग्यवान डोंबल. उद्या म्हण असं सांगून कोणी जातं का, बाई? शाळेत एवढी शिस्त, आणि स्वतःच्या तासाला गैरहजर.

बरं, गेलात ते गेलात, दिवस कोणता निवडलात? दहावं आणि मुलाखत एकाच सकाळी. मी शाळेत फोन केला, हिंदीत रडले. तिथल्या बाईंनी वाईट वाटून घेतलं, पण म्हणाल्या तारीख नाही बदलता येत, आई एकटी आली तरी चालेल. घरात रण माजलं. कुमुदमावशी म्हणाल्या, "सुतकात कुठे निघालीस? आणि तेही जे तिला नको होतं त्यासाठी? अगं, तिच्या आत्म्याला काय वाटेल?" शेखरचं डोकं गुळगुळीत, डोळे सुजलेले. तो म्हणाला, "जाऊ दे तिला, मावशी." इतक्या वर्षांत पहिल्यांदा पेपर खाली ठेवून बोलला. ते खाडीवर गेले, मी ऋचाचा हात धरून शाळेत.

बाकावर बसले. बाजूची मंडळी आपापसात इंग्रजीत कुजबुजत होती, अहो नवराबायको एकमेकांशी! आत बोलावलं. प्रिन्सिपल मॅडम भल्या होत्या. ऋचाला रंग विचारले, तिने सांगितले. मला नाव, गाव, घरात कोण कोण. घरात कोण कोण यावर मी अडखळले. तुम्हाला मोजायचं की नाही? शेवटी तिघं म्हटलं. मग त्यांनी विचारलं, "अँड हू विल सपोर्ट हर स्टडीज ॲट होम?"

सपोर्ट.

बाई, मी तिथे, त्या खुर्चीत, थिजले. माझ्या कानात टकटक वाजलं. तुमच्या खडूचं. तोंडात रोजचा शब्द. पार्टीला सपोर्ट, भिंतीला सपोर्ट, पावसाळ्यात वाकलेल्या शेवग्याला बांबूचा सपोर्ट. त्यात पोर्ट बसलाय हे मला कधी दिसलंच नव्हतं. सब म्हणजे खाली, ते तुम्ही सबवेच्या वेळी शिकवलं होतं; पोर्टच्या आधी आला की त्याचा सप होतो. खालून वाहून नेणं. खालून उचलून धरणं. म्हणजे ज्याला धरलंय त्याला दिसतही नाही कोण धरून उभं आहे. मला एकदम तो कोपऱ्यातला टीव्ही आठवला, आणि दवाखान्यातलं तुमचं मनगट. आणि मी तुमच्या तोंडावर म्हटलं होतं की मला सपोर्ट नाही, आणि तुम्हाला आनंद कशाचा, तर शब्द सापडला याचा! वाईट तरी वाटून घ्यायचं होतंत. दोन शब्द मलाही सुनवायचे होतेत. मी काय काय केलंय तुझ्यासाठी, असं कुठलीही सासू म्हणाली असती.

मॅडम वाट बघत होत्या. मी म्हटलं, "आय विल." आणि तोंडाला कुलूप लावून गप्प बसावं की नाही? पण तुमची शिकवणी अंगात भिनलेली. मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, "मॅडम, सब मीन्स बिलो. पोर्ट मीन्स कॅरी. आय विल कॅरी हर फ्रॉम बिलो. माय मदर-इन-लॉ टीच मी." एक वाक्य पाठ केलेलं नव्हतं. सगळी माझी.

मॅडम चष्म्यावरून बघून म्हणाल्या, "ओके." आणि काही तरी टिपून घेतलं. बस, एवढंच. तुमच्या दोन हजार वर्षांच्या लॅटिनला नुसता ओके! तुम्ही असतात तर त्यांनाच बाकावर बसवलं असतंत.

बाहेर गेटपाशी येऊन मोबाइल चालू करते तर तो थरथरायलाच लागला. शेखर. "भारती, कावळा शिवत नाहीये. केव्हापासून थांबलोय." मागून गुरुजींचा आवाज, ऊन चढतंय, पुढच्या लोकांना वेळ दिलीय. माझा मुर्ध्याचा दादा ओरडत होता, "कावले भरपूर हायत गो, पन हिकडं येत न्हाय!" येतील कशाला? खाडीकाठी सुकत घातलेली मासळी सोडून कुठला कावळा तुमच्या आळणी भाताकडे बघणार? तुम्ही स्वतः म्हणायचात, मेल्यावर कावळ्याबिवळ्याची वाट बघू नका, त्याला आधीच पोटभर मिळतं. तुमचा विश्वास नाही, माझा नाही, आणि तरी आपण दोघी त्या कावळ्याच्या तावडीत सापडलो.

शेखर म्हणाला, "सगळ्यांनी सगळं कबूल करून झालं. ऋचाला नीट वाढवू म्हटलं, मावशीची काळजी घेऊ म्हटलं. काही नाही. मावशी म्हणतात, आईची एकच इच्छा राहिलीय. तू फोनवरून म्हण, ऋचाला मराठी शाळेत घालते. मी स्पीकर लावतो."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. गेटच्या पलीकडे ऋचा घसरगुंडीकडे बघत उभी. जीव मुठीत धरून आत्ता कुठे बोलून आले होते, आणि हे मला पिंडासमोर शब्द द्यायला लावतात! खोटं बोलले तर तुमच्यापुढे खोटं. खरं बोलले तर कावळा नाही, आणि जन्मभर सगळे म्हणणार, सुनेने हट्टापायी सासूला अडकवून ठेवलं. शेखर रडकुंडीला आला होता. "म्हण ना गं. नुसतं म्हण. आईला जाऊ दे." मी हो म्हणायला तोंड उघडलं, खरंच उघडलं. आणि मला एकाएकी तुमचा राग आला. इच्छा राहिलीय म्हणे! मला माहीत नाही का तुमची काय इच्छा राहिलीय? उद्या म्हण, असं कोण म्हणालं होतं?

म्हटलं, "शेखर, फोन त्या भाताजवळ धर."

"मराठी शाळा म्हणतेस ना?"

"धर म्हणते ना!"

आणि मी म्हणायला लागले. गेटवर, रस्त्यात, मोठ्याने. रिक्षावाले बघत होते, ते टायवाले आईबाप बघत होते. बघा म्हटलं. "पोर्ट म्हणजे वाहून नेणं. इम्पोर्ट, आत आणणं. एक्सपोर्ट, बाहेर नेणं. ट्रान्सपोर्ट, इकडून तिकडे. डिपोर्ट, हाकलून देणं. रिपोर्ट, परत घेऊन येणं, बातमी. पोर्टर, वाहणारा. पोर्टेबल, वाहून नेता येण्यासारखं." तिकडून खाडीवरचा वारा आणि कावळ्यांचा कालवा. मावशींचा आवाज आला, "काय बरळतेय ही?" मी थांबले नाही. "पासपोर्ट आणि एअरपोर्ट या घरातले नाहीत. ते बंदराचे. चुलत आहेत. नातं आहे, पण चूल..."

"शिवला!" शेखर किंचाळला. "भारती, शिवला! शिवला गं!" आणि आरडाओरड, कोणी तरी हुंदका दिला, फोन बहुतेक हातातून पडला. बंद.

मी फोन कानाला लावून तशीच उभी. अहो, चूल वेगळी एवढं तरी ऐकायचं होतंत. आणि मुख्य शब्द राहिलाच. जो इतके दिवस सापडत नव्हता, जो सांगण्यासाठी जीव तडफडत होता, तोच. ऋचा पदर ओढत म्हणाली, "आई, घरी." मी तिला उचलून घेतलं आणि रिक्षात बसून ढसाढसा रडले.

घरी सगळे सांगत होते, बाई तृप्त झाल्या, हिने काही तरी इंग्रजी स्तोत्र म्हटलं. योगायोग असणार. मासळी संपली असेल. पण शेखर मला म्हणाला, "तू पासपोर्ट म्हणालीस आणि तो थेट येऊन बसला. बस, आलं तुला, असं वाटलं मला." बोलून स्वतःच तोंड फिरवून उभा राहिला. तुम्हाला सांगते आता. कावळ्याकडून नको होतं मला, बाई. तुमच्या तोंडून हवं होतं. इतकी वर्षं वाट बघितली त्याची.

काल शाळेची यादी लागली. ऋचाचं नाव आहे. प्रवेश घेऊन टाकला. राग आला असेल तर या आणि भांडा, मी घरीच आहे. सॉरीबिरी म्हणणार नाही, अजूनही मला माझंच बरोबर वाटतं. पण तिने घरी येऊन एखादा शब्द विचारला, तर मी वाक्य देणार नाही. दार लावून घेईन. कुकरची शिट्टी होईना का.

आज दुपारी सगळे गेले. मावशीही ठाण्याला परत गेल्या. मी स्वयंपाकघराचं दार आतून लावलं, तुमचा खडू उचलला आणि त्या रिकाम्या वर्तुळात राहिलेला शब्द लिहिला. अक्षर वेडंवाकडं आलंय, चालवून घ्या. मग उभी राहिले, पदर खोचला आणि पहिल्यापासून म्हटलं. पोर्ट म्हणजे वाहून नेणं. इम्पोर्ट, एक्सपोर्ट, सगळ्या लेकी त्यांच्या सासरांसकट. पासपोर्टपाशी जरा थांबले. मुद्दाम चुकूनही बघितलं, त्याला या घरातला म्हटलं. काही नाही. मग बरोबर म्हटलं आणि पुढे गेले. पार सपोर्टपर्यंत गेले, अर्थासकट.

कोणी मध्ये बोललं नाही, बाई.